एकाआड घाव

ललिता एक चेंडू मारायची आणि एक सोडायची. पहिल्यावर बॅट फिरवणार, दुसरा नुसता बघणार, तिसऱ्यावर पुन्हा फिरवणार. सरावाला मी कॅचर, तिच्या पाठीमागं उकिडवी बसलेली. माझ्याइतकं जवळून हे कुणी बघितलं असणार? पण मी तरी काय, डोळे असून आंधळी. माझं सगळं ध्यान माझ्या डाव्या तळहाताकडं. शाळेचा ग्लोव्ह फाटका, आतली गादी कधीच उंदरांनी नेलेली, चेंडू आला की हाताची आग आग व्हायची. म्हणे सॉफ्टबॉल! ज्यानं हे नाव ठेवलं त्याला एकदा माझ्या जागी बसवा.

कारगिल झालं त्या वर्षीची गोष्ट. पेठच्या डोंगरात आमची आश्रमशाळा, आणि ललिता माझी सख्खी चुलत बहीण. दोघी दहावीला. गांगुर्डे सर नाशिकहून बदली होऊन आले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ललिताला लाकडं फोडताना बघितलं आणि तिच्या हातात बॅट दिली. तिचा चेंडू लागला की शाळेच्या कुंपणापलीकडं नाचणीच्या शेतात जायचा, आणि तो शोधता शोधता सगळ्या पोरींचा दम निघायचा.

तालुक्याच्या सामन्यात तिची ही एकाआड एक खोड कुणाच्या लक्षात आली नाही. कशी येणार? समोरच्या पिचर आमच्यासारख्याच, त्यांचा एक चेंडू सरळ तर एक शेजारच्या गावात. ललितानं सोडलेला चेंडू नेमका बाहेरचा असायचा, अंपायर ‘बॉल’ म्हणायचा आणि सर टाळ्या वाजवायचे. “नजर बघा पोरीची! वाईट चेंडूला हात लावत नाही.” झालं. ललिताची नजर म्हणून शाळाभर नाव झालं.

मग सरांनी आम्हाला सरावाला नाशिकच्या एका शाळेत नेलं. तिथं तृप्ती नावाची पिचर होती, गोरीपान, हाताला घड्याळ. ती खालून हात फिरवायची आणि चेंडू येऊन थेट त्यांच्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसायचा. दोन डावांतच तिला सगळं कळलं. ललिता आली की पहिला चेंडू बाहेरचा टाकायची, ललिता हवेत फिरवायची. दुसरा अगदी मधोमध, पेढ्यासारखा. ललिता बघत राहायची, आणि असा सोडलेला पण चुकलाच धरतात. तिसरा पुन्हा बाहेरचा. तीन चुकले, आउट.

“दुसरा मधेच टाक गं,” त्यांची कॅचर हसून ओरडली, “ती त्याची पूजा करते!”

त्या सगळ्या हसल्या. आमच्यातल्याही दोघी हसल्या, त्यांना मी बसमध्ये बघून घेतलं. ललिता मात्र मान खाली घालून बॅट जमिनीवर ठेवून आली. बॅट कधी टाकायची नाही ती, भांडं ठेवावं तशी ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला मैदानात उभं केलं. “ललिता, ऐक. तू हवेत बॅट फिरवलीस आणि परत आलीस, तर समोरच्या नऊजणींना काय काम? नुसतं उभं राहायचं. पण चेंडू बॅटला जरासा लागला, जमिनीवरनं घरंगळला, की एकीला वाकून उचलावा लागतो, मग फेकावा लागतो, मग दुसरीला पकडावा लागतो. आपल्याकडच्या मैदानांवर यातलं काहीतरी एक चुकतंच. तू आउट हो, पण त्यांना राबवून हो.”

मला राहवलं नाही. “पण सर, तिचा लागला की कुंपणापार जातो.”

“लागला तर ना, भागी. वर्षातून एकदा दिवाळी येते म्हणून बाकीचे दिवस उपाशी राहायचं का?”

त्यांचं खोटं नव्हतं. त्यांनी तिचे हात बॅटवर वर सरकवले, झोका छोटा करायला लावला. छोट्या झोक्यानं पहिला चेंडू लागायला लागला, तिसरा लागायला लागला. दुसरा मात्र ती तशीच सोडायची. सर चिडले, मग समजावून दमले. “नजर आहे, हात आहे, मग मधेच कुठं जातेस तू?” सरांनी मला बाजूला घेतलं. जिल्ह्याची निवड दिवाळीआधी होती. निवड झाली तर नाशिकच्या हॉस्टेलात जागा, दोन वेळचं जेवण, बारावीपर्यंत शिक्षण. “तिच्या घरी जरा बघ,” सर म्हणाले, “काहीतरी आहे.”

काहीतरी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. तिची थोरली बहीण झुंबर. आदल्या भादव्यात तापानं गेली. नदीला पूर, गाडी येईना, म्हणून घोंगडीची झोळी करून बांबूला बांधून घाट उतरवली. वाटेतच तिनं पाय ताणले आणि झोळी जड झाली, तेव्हा माझा बा पुढं होता, त्याला खांद्याला कळलं. तसेच चालत राहिले.

शनिवारी आम्ही दोघी पाड्यावर गेलो. त्या साली पाऊस गणपतीआधीच पळाला होता. उतारावरचं भात उभं वाळलेलं, लोंब्या हातात घेतल्या तर नुसती पळींज, आत दाणाच नाही. सोमाकाका, म्हणजे ललिताचा बा, कापत होता तरीपण. टाचांना भेगा, भेगांत माती. आम्हाला बघून तो उठलाही नाही.

“कापून तरी काय व्हायचं, काका?”

“गुरांना पेंढा व्हईल,” तो म्हणाला. “आन् नाय कापला तर हात काय कुल्ह्याखाली घालून बसू?”

संध्याकाळी मुकादम आला. दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या बागांत दरसाल हाच माणसं नेतो. अंगणात बाजेवर बसला, चहा प्याला, आणि ललिता पाणी घेऊन आली तशी तिला म्हणाला, “हात वर कर बघू.”

ललितानं काकाकडं बघितलं. काका जमिनीकडं बघत होता. तिनं दोन्ही हात वर केले.

“झुंबरपेक्षा उंच हाय,” मुकादम म्हणाला. “मांडवाला हात पुरंल. झुंबरची जागा हिला लावतो.”

मला असं झालं की हातातला तांब्या त्याच्या टाळक्यात घालावा. पोरगी हात वर करून उभी, बाप बसलेला, आणि हा बैलाचे दात बघावेत तसा बघतोय. काका एवढंच बोलला, “तिची खेळाची निवड हाय. झाली तर ती नाशकाला जाईल. नाय झाली तर जीपमधी बसंल.” मुकादम हसला. खेळाची कसली निवड असते, असं ते हसणं होतं.

मुकादम गेल्यावर चिमणाबाई काकीनं ललिताला हाक मारली. “कांडून घे थोडं. उद्याला दाणा नाय.”

आमच्याकडं गिरणी घाटाखाली, आणि तिथं वीज असेल तर असेल. भात घरीच कांडायचं. पडवीत जमिनीत पुरलेलं उखळ, दोन बाया समोरासमोर, दोन मुसळं. एकीचा घाव पडला की दुसरीचा. एका हाताला सुद्धा चुकायची मुभा नाही, नाहीतर मुसळावर मुसळ. झुंबर आणि ललिता लहानपणापासून जोडीनं कांडायच्या. लांबून ऐकलं तर एकच बाई घाईनं कांडतेय असं वाटायचं.

ललितानं मुसळ उचललं. धप्. मग थांबली. धप्. मग थांबली.

मी दारात बसले होते. हाच. अगदी हाच ताल. एक मारायची, एक सोडायची. सोडताना तिचे डोळे उखळात, मान किंचित पुढं, समोरच्या बाईचा घाव पडेपर्यंत वाट बघायची तशी. तिच्या समोर कुणी नव्हतं. झुंबरचं मुसळ भिंतीला टेकलेलं.

आणि खोटं कशाला बोलू, त्या मोकळ्या जागेत काहीतरी होतं. आवाज नाही म्हणवत. बसल्या जागी जमीन जराशी हलायची. ललिताचा घाव पडला की हलायची, आणि तिचं मुसळ वर हवेत असताना पुन्हा हलायची. मी उठून भिंतीजवळ गेले. सालभर हात न लागलेलं मुसळ, मधे अख्खा पावसाळा, पण त्याच्या तळाची लोखंडी कडी लखलखीत.

“काकी, हे तू घासतेस का?”

“मी कशाला हात लावू?” काकी सूप पाखडत म्हणाली. तिनं वर पण बघितलं नाही.

सकाळी कापणीला गेलो तेव्हा मी ललिताला गाठलं. बांधावर बसून आम्ही विळ्याला धार लावत होतो.

“दुसरा चेंडू तू झुंबरसाठी सोडतेस,” मी म्हणाले.

तिनं मला वेड्यात काढलं नाही. इतकंच म्हणाली, “मी सोडत नाय. माझा नसतोच तो.”

“अगं, ती गेली! सालभर झालं!”

“तिनं बस म्हटलं नाय.”

आमच्यात असं आहे. जोडीनं कांडताना मधेच हात काढायचा नाही. जिला थांबायचं तिनं तोंडानं म्हणायचं, “बस बाय.” समोरचीनं पण म्हणायचं, “बस.” मग दोघींनी मुसळं खाली ठेवायची. तोवर जोडी सुटत नाही. म्हाताऱ्या तर सांगतात, न बोलता मुसळ ठेवणारीचा हात उखळातच राहतो.

“त्या दिवशी कांडता कांडता तिनं मधेच मुसळ भिंतीला लावलं,” ललिता म्हणाली. “एक अक्षर बोलली नाय. मला राग आला. मी म्हणाले, कामचुकार, खायला काळ आन् भुईला भार. ती घरात जाऊन गोधडीत शिरली. मला वाटलं सोंग करते. मी एकटीच कांडत ऱ्हायले, तिचा घाव सोडून सोडून, तिला ऐकू जावं म्हणून. लाज वाटून येईल म्हणून. ती पडल्या पडल्या ऐकत असंल, भागी. तिला उठायचं असंल.”

एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मी पण. विळे बाजूला ठेवून आम्ही दोघी त्या पळींज भातात बसून रडलो. काका खालच्या वाफ्यातून ओरडला, “काय झालं गं?” मी ओरडले, “विळा लागला!”

मी गप्प बसणारी नव्हे. दुपारी काकी एकटी दिसली तशी मी तिच्यापुढं जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. चेंडूचं, निवडीचं, दुसऱ्या घावाचं. म्हटलं, “काकी, तू तरी ते मुसळ उचल. तिच्यासमोर उभी राहा. मधली जागा भरली तर तिचा हात सुटंल. नाहीतर हरंल ती.”

“हरू दे,” काकी म्हणाली.

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

“मी सूप घेऊन तिथं बसते ना रोज,” काकी बोलत होती, हळू, दाण्यातले खडे वेचत. “मला मधला घाव ऐकू येतो. झुंबरचा हात जड. ललिताचा हलका. मला काय लेकरांचे हात वळखू येत नाय? ते मुसळ मी उचललं तर झुंबर कुठं उभी ऱ्हाईल? सांग बरं.”

“आणि ललिता, काकी?”

“ललिता हाय ना. हातापायानं हाय. माझ्यासंगं जीपमधी येईल. उखळ काय, तिकडं बागेत पण खड्डा करता येतो.” मग ती एकदम माझ्यावर डाफरली, “आन् तू कोण गं मला शिकवणारी? चेंडू झेल जा तुझे!”

काकीचा राग आला नाही मला. तिची भीती वाटली. ती खडे वेचत होती ते दाणे आधीच निवडलेले होते.

निवडीचा सामना नाशिकला, मोठ्या मैदानावर. चुन्यानं आखलेल्या रेषा, खुर्च्यांवर निवड करणारे साहेब आणि एक बाई. समोर तृप्तीचीच टीम. ललिता पहिल्यांदा गेली, तसंच झालं. फिरवला, बघितला, फिरवला, परत. दुसऱ्यांदा गेली, तसंच. त्यांच्या पोरी आता हसत पण नव्हत्या, ठरल्यासारखं करून मोकळ्या होत होत्या. खुर्चीवरच्या बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं. मी बघितलं, आणि मला द्राक्षाच्या मांडवाखाली वर केलेले ललिताचे हात दिसले.

शेवटच्या डावात दोन्ही टीमची बरोबरी होती. आमच्या दोघी आउट झालेल्या, तिसरी झाली की डाव खलास. माझा चेंडू कसाबसा लागला होता, पुढच्या पोरींच्या जिवावर ढकलत ढकलत मी तिसऱ्या बेसवर येऊन पोचले होते, तिथनं होमला पोचलं की धाव. आणि बॅटिंगला ललिता.

सर रेषेजवळ आले. “ललिता, मोठा नको. भागी तिसऱ्यावर आहे. नुसता लाव. कुठंही लाव.”

तृप्तीनं पहिला टाकला. ललितानं सरांचं काही ऐकलं नाही, अख्खी फिरवली. हवेत. स्ट्राइक.

आता दुसरा. तृप्तीला घाई पण नव्हती. तिनं मधोमध टाकायचं म्हणून हात सैल सोडला होता. मी तिसऱ्या बेसवरून ललिताकडं बघत होते. ती नेहमीसारखीच थांबली, मान किंचित पुढं, नजर समोर. पण समोर म्हणजे तृप्तीकडं नाही. जवळ, हातभर अंतरावर कुणी उभं असावं तिथं. तिचे ओठ हलले. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला तो शब्द तोंडावरून कळला. दोन वेळा म्हणाली ती. एकदा झुंबरच्या वतीनं, एकदा आपल्या.

आणि चेंडू आला तशी बॅट पुढं केली. मारला नाही, नुसता लावला. टक्. चेंडू जमिनीवरनं घरंगळत गेला आणि मी पळत सुटले. माझ्या पाठीमागं काय झालं ते मला नंतर सरांनी सांगितलं. त्यांच्या पोरीनं वाकून उचलला, ठीक उचलला, फेकला पण ठीक, आणि पहिल्या बेसवरच्या पोरीच्या हातातून निसटला. कारण दुसऱ्या चेंडूला ललिता कधी पळत येईल असं तिच्या स्वप्नात पण नव्हतं. मी होमला पोचले. जिंकलो आम्ही!

सगळ्या पोरी माझ्या अंगावर पडल्या. ललिता तिकडं पहिल्या बेसवर खाली बसली होती, दोन्ही हात जमिनीवर टेकून.

निवडवाल्या बाई उठून आल्या. “ही नुसतं लावते, की मारते पण?” त्यांनी तृप्तीला आणखी चेंडू टाकायला सांगितले. ललितानं एकामागून एक मारले. पहिला, दुसरा, तिसरा, एकही सोडला नाही. मैदानाच्या कडेची कडुनिंबाची झाडं ओलांडून चेंडू रस्त्यावर गेले. बाईंनी कागदावर खोडलेलं पुन्हा लिहिलं.

ललिताची निवड झाली. माझी नाही. कॅचर म्हणून त्यांचीच पोरगी घेतली, ती पूजावाली. मला लय वाईट वाटलं, आणि वाटणारच की! बहिणीसाठी आनंद झाला असं मी म्हटलं ते पण खरं, पण रात्री जेवण गेलं नाही ते जास्त खरं.

येताना बसमध्ये मी तिला विचारलं, “काय झालं मग?”

“बस बाय म्हणाले,” ती म्हणाली. “मग मधे कुणी नव्हतं.” आणि खिडकीकडं तोंड करून बसली.

दोन-चार दिवसांनी मुकादमाची जीप आली. सोमाकाका, काकी आणि आमच्याही भातात दाणा नव्हता म्हणून आमच्या घरातून मी. झुंबरची जागा मला लागली. ललिताला त्याच दिवशी नाशिकची एसटी धरायची होती, सर खाली फाट्यावर थांबणार होते. तिची पिशवी दाराशी बांधून ठेवलेली. आम्ही बोचकी चढवत होतो तेवढ्यात काकी म्हणाली, “ललिता, वाटेपुरतं भात कांडून दे गं.”

“आता?” काका म्हणाला. “गाडी उभी हाय.”

“वाईच उभी ऱ्हाईल.”

काकीनं उखळात भात ओतलं. मग सूप घेऊन तिच्या ठरल्या जागेवर बसली, भिंतीला पाठ लावून, झुंबरच्या मुसळाशेजारी. डोळे मिटून घेतले. ललितानं माझ्याकडं बघितलं, आणि मुसळ उचललं.

धप्. धप्. धप्. धप्.

एकामागून एक, न थांबता. एका बाईचं कांडणं. तिला मुद्दाम थांबता आलं असतं, तिनं केलं पण तसं, एकदा मुसळ वर धरून उभी राहिली. पडवीत काहीच झालं नाही. मी पाय जमिनीवर दाबून बघितलं. जमीन जमीनच होती. ललितानं पुन्हा कांडायला घेतलं.

काकीनं डोळे उघडले. “तू तिला बस म्हणालीस,” ती म्हणाली.

ललिताचा हात थांबला नाही. “व्हय.”

“मला इचारायचंस तरी,” काकी म्हणाली. “मी पण काहीतरी बोलले असते तिच्याशी.”

ललितानं मुसळ ठेवलं आणि आईच्या पायाशी बसली. काकीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. बाहेर मुकादम हॉर्नवर हॉर्न देत होता, मी जाऊन जीपमध्ये बसले. काकीनं अर्धवट कांडलेलं भात, कोंड्यासकट, तसंच फडक्यात बांधलं आणि जीपमध्ये माझ्याशेजारी येऊन बसली.